संतांची नावे कशी उच्चारावीत?
इटालियन शब्दांतील उच्चारखंड, आघात आणि शब्दघडण

दि. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी रोम येथील संत पीटर चौकात दोन तरुणांना संतपद बहाल केले. त्यांपैकी एक, कार्लो अकूतिस, हा २००६ साली वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने मृत्यू पावलेला मुलगा. दुसरे, पिएर जोर्जो फ्रास्साती, हे तुरीन शहरातील गोरगरिबांची सेवा करताना १९२५ साली चोविसाव्या वर्षी निवर्तलेले युवक. तेव्हापासून ही दोन्ही नावे आपल्या प्रार्थनांत, युवक मेळाव्यांत आणि बालकांच्या धर्मशिक्षणात वारंवार येऊ लागली आहेत. मात्र ती कुठे ‘अ‍ॅक्युटिस’ अशी, कुठे ‘एक्यूटीज’ अशी, तर कुठे ‘जिऑर्जिओ फ्रसाती’ अशी वाचली जातात.

काही वाचक म्हणतील की, देवाला भाव कळतो, उच्चाराचे एवढे काय? ते खरेच आहे. चुकीच्या उच्चारामुळे प्रार्थना निष्फळ होत नाही. परंतु नाव म्हणजे माणसाला मारलेली हाक असते. पुनरुत्थित प्रभूने कबरीपाशी मग्दालियाला तिच्या नावाने हाक मारली आणि त्या एका शब्दाने तिने प्रभूला ओळखले, हे योहानाच्या शुभवर्तमानात आपण वाचतो. ज्याची मध्यस्थी आपण मागतो, त्याचे नाव त्याच्या आईने जसे उच्चारले असेल तसे उच्चारण्याचा प्रयत्न करणे, हा आदराचाच एक भाग आहे. शिवाय व्हॅटिकनच्या दैनंदिन कामकाजाची भाषा इटालियन आहे. आपल्या भागातील धर्मगुरू व धर्मभगिनी उच्च शिक्षणासाठी किंवा सेवेसाठी इटलीत जातात, तेव्हा त्यांना पहिली गाठ याच भाषेशी घालावी लागते. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही इटालियन उच्चाराच्या तीन किल्ल्या वाचकांपुढे ठेवत आहोत: शब्दाचे खंड कोठे पडतात, आघात कोठे येतो आणि शब्द कसा घडतो. या तिन्ही किल्ल्या आपल्या मराठीच्या शालेय व्याकरणात आधीपासूनच आहेत, हे आम्हांला विशेष करून सांगावयाचे आहे.

अक्षर आणि उच्चारखंड

एका झटक्यात तोंडातून निघणारा शब्दाचा जो तुकडा, त्याला आम्ही येथे ‘उच्चारखंड’ म्हणू. प्रत्येक खंडात एक स्वर असतोच. देवनागरीत अक्षरे मोजली म्हणजे खंड मोजले, असे आपल्याला वाटते. पण तसे नाही. धाराशिव जिल्ह्यातीलच नावे घेऊ. ‘तुळजापूर’ या नावात लिहिताना पाच अक्षरे आहेत. बोलताना मात्र ‘तुळ्-जा-पूर्’ असे तीनच खंड पडतात, कारण ‘ळ’ आणि ‘र’ यांतील ‘अ’ आपण उच्चारतच नाही. ‘धाराशिव’ची अक्षरे चार, खंड तीन. ‘भूम’ची अक्षरे दोन, खंड एकच. याउलट धाराशिव तालुक्यातील ‘बेंबळी’ हे गाव जसे लिहितात तसेच तीन खंडांत उच्चारले जाते: बें-ब-ळी.

इटालियन भाषेत असा ‘अ’ गाळण्याचा प्रकार नाही. लिहिलेला जवळजवळ प्रत्येक स्वर उच्चारावा लागतो, शब्दाच्या शेवटचाही. म्हणून संत अंतोनीचे नगर ‘पा-दो-वा’ हे तीन खंडांचे आहे. मराठी सवयीने त्याचे ‘पाद्वा’ होऊ देऊ नये. अपवाद मुख्यतः एकच लक्षात ठेवावा. ‘च’, ‘ज’ किंवा ‘श’ हा मृदू उच्चार दाखवण्यासाठी रोमन लिपीत ‘इ’चे अक्षर घातले जाते आणि त्यापुढे दुसरा स्वर येतो. अशा वेळी ती ‘इ’ केवळ खूण असते, तिचा उच्चार होत नाही. त्यामुळे ‘जिओवानी’ नव्हे तर ‘जो-वान्-नी’, आणि ‘जिऑर्जिओ’ नव्हे तर ‘जोर्-जो’. परंतु त्याच ‘इ’वर आघात असेल तर ती जिवंत होते. संत लुसी यांचे इटालियन नाव ‘लु-ची-आ’ असे तीन खंडांचे आहे, कारण तेथे आघात ‘ची’वर आहे. धन्य कुमारीचे नाव ‘मा-री-आ’ हे तीन खंडांचे, तर पुरुषाचे ‘मारिओ’ हे नाव ‘मा-र्यो’ असे दोनच खंडांचे. आघाताची जागा बदलली की खंडांची संख्याही बदलते.

दर्या आणि दऱ्या

आता जोडाक्षरांचा प्रश्न. दोन व्यंजने एकत्र आली, तर पहिले व्यंजन मागच्या खंडात जाते की पुढच्या? मराठीत हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे, ते पाहा. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. दोन्ही शब्दांत ‘र’ आणि ‘य’ तेच आहेत. फरक इतकाच की, पहिला शब्द ‘दर्-या’ असा तुटतो आणि दुसरा ‘द-ऱ्या’ असा. त्याचप्रमाणे ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ यांत एकीकडे गुरुजन येतील, तर दुसरीकडे स्वयंपाकी! शाळेत वृत्ते शिकताना आपण हाच नियम पाठ केलेला असतो. जोडाक्षराच्या अलीकडील अक्षर ऱ्हस्व असले, तरी त्यावर आघात येत असेल तर ते गुरू मानावे. म्हणून ‘पुस्तक’ मधील ‘पु’ गुरू, कारण उच्चार ‘पुस्-तक्’ असा होतो. पण ‘तुझ्या’ मधील ‘तु’ लघूच राहतो, कारण तेथे आघात नाही.

इटालियन भाषेत असेच दोन गट आहेत. पहिल्या गटात तुटणारी व्यंजने येतात. तेच व्यंजन दोनदा आले, किंवा ‘म’, ‘न’, ‘ल’, ‘र’ यांच्यापुढे दुसरे व्यंजन आले, तर खंड मधून तुटतो. ‘बाम्-बी-नो’ (बाळ), ‘सान्-तो’ (संत), ‘कार्-लो’, ‘फ्रास्-सा-ती’, ‘अस्-सी-सी’ ही त्याची उदाहरणे. आपल्या ‘बेंबळी’तही पहिला खंड ‘म्’वरच थांबतो. या बाबतीत बेंबळी आणि ‘बाम्बीनो’ यांची रीत एकच आहे.

दुसऱ्या गटात न तुटणारी व्यंजने येतात. ‘स’च्या पुढे दुसरे वेगळे व्यंजन आले, किंवा एखाद्या व्यंजनापुढे ‘र’ वा ‘ल’ आला, तर बहुधा सर्व व्यंजने मिळून पुढच्या खंडात जातात. म्हणून ‘फ्रान्-चे-स्को’, ‘बो-स्को’, ‘पा-द्रे’. मुंबईतील माटुंगा येथील डॉन बॉस्को शाळेचे नाव आपण ‘बॉस्-को’ असे तोडून म्हणतो. इटालियन लेखनाच्या नियमाप्रमाणे ते ‘बो-स्को’ असे तुटते. देवनागरीत आपण ‘स्को’ हे जोडाक्षर एकत्रच लिहितो, ही येथे आपली सोयच आहे.

द्वित्त व्यंजनाकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. मराठीत ‘खडा’ आणि ‘खड्डा’ यांत गल्लत केली तर अर्थाचा अनर्थ होतो. इटालियनमध्ये ‘सेते’ म्हणजे तहान आणि ‘सेत्ते’ म्हणजे सात. क्रुसावरील प्रभूच्या तहानेचा उल्लेख वाचताना ‘त’ दुप्पट झाला, तर श्रोत्यांना ‘सात’ ऐकू येईल! त्याहून बोलके उदाहरण म्हणजे ‘पापा’ हा शब्द. आघात पहिल्या खंडावर असेल तर त्याचा अर्थ पोप. शेवटच्या खंडावर असेल तर वडील. मधला ‘प’ दुप्पट करून ‘पाप्पा’ म्हटले, तर लहान बाळाला भरवायची पेज!

येथे एक ऐतिहासिक गोष्ट नोंदवणे उचित होईल. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीय धर्मगुरूंनी १५७५ साली रोममध्येच येशूसंघात प्रवेश केला, १५७९ साली ते गोव्यात आले आणि १६१६ साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध झाले. सुमारे ११ हजार ओव्यांचे हे मराठी काव्य छापले गेले ते रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे तेव्हा गोव्यातील छापखान्यात नव्हते. आज आपण इटालियन शब्द देवनागरीत आणताना ज्या अडचणीत सापडतो, तिच्याच उलट्या बाजूला ते उभे होते. ‘ळ’ हा वर्ण रोमन लिपीत नाही. तो दाखवण्यासाठी त्या लेखनपद्धतीत ‘ल’चे रोमन अक्षर दोनदा लिहिले जाई, गोव्यातील रोमन लेखनात ही रीत पुढेही टिकली. पण तेच दुहेरी अक्षर इटालियन वाचक ‘ल्ल’ असे वाचणार. अक्षरे तीच असली, तरी प्रत्येक भाषा त्यांच्याशी निराळा करार करते. तो करार समजून घेतल्याशिवाय वाचू नये, हा धडा स्टीफन्स यांच्या ग्रंथातून आपण घेऊ शकतो.

आघात कोठे?

मराठीत आघात बदलला म्हणून शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही. इटालियनमध्ये तो बदलतो. ‘आंकोरा’ या शब्दात आघात पहिल्या खंडावर असेल तर अर्थ जहाजाचा नांगर आणि दुसऱ्या खंडावर असेल तर अर्थ ‘अजून’. ‘प्रिंचिपी’चा पहिला खंड आघाताचा असेल तर राजपुत्र, दुसरा असेल तर तत्त्वे.

आघाताचे मुख्य प्रकार तीन. बहुसंख्य शब्दांत तो शेवटून दुसऱ्या खंडावर येतो: ‘वा-ति-का-नो’ मध्ये ‘का’वर, ‘फ्रान्-चे-स्को’ मध्ये ‘चे’वर, ‘लो-रे-तो’ मध्ये ‘रे’वर. बऱ्याच शब्दांत तो शेवटून तिसऱ्यावर येतो: ‘पा-दो-वा’ व ‘मो-नि-का’ यांत पहिल्याच खंडावर, ‘कात्-तो-लि-को’ (कॅथोलिक) मध्ये ‘तो’वर. काही शब्दांत तो अगदी शेवटच्या खंडावर येतो आणि केवळ अशाच शब्दांवर आघाताचे चिन्ह लिहिणे सक्तीचे असते. प्रभू येशूचे इटालियन नाव ‘जे-झू’ हे या वर्गातले आहे.

आघाताबरोबर स्वराची लांबीही येते. आघाताचा खंड स्वरावर संपत असेल आणि शब्दाच्या अखेरीस नसेल, तर तो स्वर लांबवावा. व्यंजनावर संपत असेल तर आखूड ठेवावा. ‘रोमा’ (रोम) मधील ‘रो’ लांब. ‘जोवान्नी’ मधील ‘वा’ आखूड, कारण पुढचा ‘न्’ त्याला थांबवतो. एवढे पाळले तरी उच्चार पुष्कळ सुधारतो.

आता क्षणभर उलटा विचार करू. बेंबळीची एखादी कन्या धर्मभगिनी होऊन इटलीला गेली आणि तिच्या कागदपत्रांवरील गावाचे नाव तेथे कोणी वाचले, तर ते बहुधा ‘बेम्-बाऽ-ली’ असे, मधल्या खंडावर जोर देऊन आणि ‘ळ’ गमावून वाचले जाईल. आपल्या गावाचे नाव असे अनोळखी होऊन कानावर पडले, तर थोडे परके वाटते. कोणी दोनदा विचारून, जीभ वळवून ‘बेंबळी’ म्हणण्याचा प्रयत्न केला, तर तेवढ्यानेच जवळीक वाटते. ‘अकूतिस’ या नावाच्या बाबतीत तीच जवळीक आपण दाखवावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

शब्दाचा शेवट पाहावा

अनोळखी शब्दात आघात कोठे आहे, हे कसे ओळखावे? येथे शब्दघडणीचे ज्ञान उपयोगी पडते. प्रत्यय लागला की आघात पुष्कळदा मूळ शब्द सोडून प्रत्ययावर जातो. ‘पो-वे-रो’ (गरीब) मध्ये आघात पहिल्या खंडावर आहे. त्याला लाडाचा ‘एल्लो’ हा प्रत्यय लागून ‘पो-वे-रेल्-लो’ होते, तेव्हा आघात ‘रेल्’वर सरकतो. अस्सीसीच्या संत फ्रान्सिसना इटलीचे लोक याच नावाने, म्हणजे ‘गरीब बिचारा’ अशा प्रेमाच्या नावाने ओळखतात. आपल्याकडे घराचे ‘घरकुल’ होते, तसे इटलीत ‘काझा’चे (घर) ‘काझेत्ता’ होते आणि आघात ‘झेत्’वर जातो. ‘दि-ओ-चे-झि’ (धर्मप्रांत) मध्ये आघात ‘ओ’वर, पण ‘दि-ओ-चे-झा-नो’ (धर्मप्रांतीय) मध्ये ‘झा’वर. ‘पार्-रो-को’ (धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू) मध्ये पहिल्या खंडावर, पण ‘पार्-रोक्-क्या’ (धर्मग्राम) मध्ये दुसऱ्यावर.

मराठीला हे अपरिचित नाही. ‘तुळजापूर’ला प्रत्यय लागला की ‘तुळजापुरात’ होते. दीर्घ ‘पू’ ऱ्हस्व होतो. ‘मूल’चे ‘मुलाला’ होते. प्रत्यय आला की मूळ शब्दाचे वजन कमी होते, ही जाण आपल्या शुद्धलेखनाच्या नियमांत आहेच. मात्र ‘बेंबळीकर’ म्हणताना ‘बेंबळी’ तशीच राहते, तर ‘रोमा’पासून ‘रोमानो’ (रोमकर) होताना आघात ‘मा’वर जातो, एवढा फरक आहे.

काही प्रत्यय तर आपल्या जुन्या नात्यातले आहेत. संस्कृत आणि लॅटिन या भाषा एकाच कुळातल्या. ‘नम्रता’, ‘पवित्रता’ यांतील ‘ता’ आणि इटालियन ‘उमिल्ता’ (नम्रता), ‘सान्तिता’ (पवित्रता) यांतील ‘ता’ ही परस्परांची भावंडे होत. इटालियनमध्ये या ‘ता’वर आघात का येतो, त्याचेही कारण आहे. लॅटिनमधील ‘कारितातेम’ (प्रीती) या शब्दात आघात ‘ता’वर होता. पुढील अक्षरे काळाच्या ओघात झिजून गेली, ‘कारिता’ उरले आणि आघात आपल्या जागी तसाच राहिला. व्रतस्थांच्या तीन व्रतांची नावे यामुळे सोपी होतात. ‘पोवेर्ता’ (दारिद्र्य) आणि ‘कास्तिता’ (ब्रह्मचर्य) यांत आघात अखेरच्या ‘ता’वर, तर ‘ओब्बेदिएंत्सा’ (आज्ञापालन) मध्ये शेवटून दुसऱ्या खंडावर.

तसेच ‘दाता’, ‘त्राता’, ‘निर्माता’ यांत कर्ता दाखवणारा जो प्रत्यय आहे, त्याचाच भाऊ ‘क्रेआतोरे’ (निर्माता) व ‘साल्वातोरे’ (तारक) यांत आढळतो. आघात नेहमी ‘तो’वर. स्त्रीलिंगी रूपात तो ‘त्रीचे’ होतो. लोरेतोच्या मरियास्तवनातील देवमातेची लॅटिन पदवी ‘जेनेत्रिक्स’ आणि संस्कृतातील ‘जनित्री’, म्हणजे जन्मदात्री, हे एकाच मुळाचे शब्द आहेत. परकी वाटणारी ही पदवी अशी आपल्याच घरातली निघते.

याशिवाय दोन खुणा लक्षात ठेवाव्यात. ‘-त्स्योने’ किंवा ‘-स्योने’ने संपणाऱ्या शब्दांत आघात ‘यो’च्या खंडावर असतो: ‘बेनेदित्स्योने’ (आशीर्वाद), ‘कोन्फेस्स्योने’ (पापनिवेदन). ‘-इको’ने संपणाऱ्या विशेषणांत मात्र आघात त्याच्या आधीच्या खंडावर असतो: ‘कात्तोलिको’, ‘आपोस्तोलिको’ (प्रेषितीय).

उपासनेत येणारी काही नावे

मिस्सा-वाचकांच्या सोयीसाठी काही नावे येथे खंड पाडून देत आहोत.

कार्-लो अ-कू-तिस: आघात ‘कार्’ व ‘कू’ यांवर.
पिएर जोर्-जो फ्रास्-सा-ती: आघात ‘जोर्’ व ‘सा’ यांवर, ‘स’ दुप्पट.
फ्रान्-चे-स्को (संत फ्रान्सिस): आघात ‘चे’वर.
क्या-रा (अस्सीसीची संत क्लारा): दोनच खंड, आघात पहिल्यावर.
अस्-सी-सी: आघात मधल्या ‘सी’वर, शेवटचा ‘स’ आपल्या ‘बाजार’मधील ‘जा’च्या जवळ जाणारा.
स्ये-ना (संत कॅथरिनचे नगर): दोन खंड, आघात पहिल्यावर.
पा-द्रे पी-ओ, प्ये-त्रेल्-ची-ना येथील: आघात ‘पा’, ‘पी’ व ‘ची’ यांवर.
का-नोस्-सा (संत माग्दालेना यांच्या संस्थेचे नाव): आघात ‘नोस्’वर; ‘स’ दुप्पट.
ले-ओ-ने (पोप लिओ यांचे इटालियन नाव): आघात ‘ओ’वर.

रूढ झालेली मराठी रूपे टाकून द्यावीत, असा याचा अर्थ मुळीच नाही. ‘संत फ्रान्सिस’, ‘संत अंतोनी’, ‘मारियामाता’ ही नावे पिढ्यान्‌पिढ्यांच्या भक्तीने आपली झालेली आहेत आणि ती तशीच राहावीत. ज्या नावांना मराठी रूप अद्याप लाभलेले नाही आणि जी इंग्रजीच्या मार्गाने आपल्याकडे मोडून येतात, त्यांच्यासाठीच ही काळजी घ्यावयाची आहे. इंग्रजीच्या वळणाने जाण्यापेक्षा देवनागरीतून थेट जाणे मराठी वाचकाला अधिक सोपे आहे, कारण इटालियनचे शुद्ध स्वर आणि द्वित्त व्यंजने आपल्या जिभेला सहज साधतात.

जानेवारी २०२० मध्ये धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) येथे भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईचे कॅथोलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले होते. त्यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीत आणले. दूरच्या भाषांतले पवित्र शब्द आपल्या मातीतल्या माणसाला कळावेत, म्हणून त्यांनी हा खटाटोप केला. २०२४ साली ते प्रभूकडे गेले. नावांचा नीट उच्चार हा त्याच कामाचा अगदी लहान भाग आहे, पण तो प्रत्येक धर्मग्रामात, प्रत्येक वाचकाला करता येण्याजोगा आहे.

म्हणून आमची वाचनसेवा करणाऱ्या बंधुभगिनींना नम्र सूचना आहे. रविवारी वेदीपाशी जाण्यापूर्वी अनोळखी नाव कागदावर खंड पाडून लिहावे. कोणते व्यंजन दुप्पट आहे ते पाहावे. आघाताच्या खंडाखाली रेघ ओढावी. मग ते नाव तीनदा मोठ्याने म्हणावे. यास दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. प्रभू आपल्या प्रत्येकाला नावाने ओळखतो. त्याच्या संतांना आपणही त्यांच्या नावाने हाक मारू या.